घोडीची बोली

वैशाली नगर, जयपूर
१२ नोव्हेंबर २०२४

सुधावन्सं,

तुम्ही भावाच्या तेराव्याला आला नाहीत, ते मी मनात ठेवलेलं नाही. पाय प्लास्टरात असलेलं माणूस म्हसवडहून जयपूरला कसं येणार. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि मी ओरडून बोलले की सून दारात येऊन उभी राहते, म्हणून लिहिते. अक्षर वाईट आहे. चौथीपर्यंतचं अक्षर असंच असतं.

लोक येतात आणि म्हणतात, घर रिकामं झालं असेल ना काकू. मी मान हलवते. खरं सांगू का, घर जेवढं भरलेलं होतं तेवढंच आहे. हा माणूस घरी असायचा कधी? आधी पलटणीतले घोडे, मग पेन्शन, मग ती घोडी. सकाळी चहा झाला की कानोत्याला, ते रात्री जेवायच्या वेळेपर्यंत. आल्यावर कपड्यांना घोड्याचा वास. मी ते कपडे वेगळे धुतले आणि वेगळ्या दोरीवर वाळत घातले. ह्यालाच संसार म्हणत असतील तर तो झाला.

आता त्या घोडीचंच लिहायचं आहे. कानोत्याला ज्या फार्मवर ती बांधलेली आहे तिथल्या शेखावतजींचा फोन आला, की घोडी नागनाथजींची स्वतःची, तुम्ही न्या नाहीतर विका. अभिजित म्हणाला, विकून टाकू. प्रणिता म्हणाली, नाहीतर काय बाल्कनीत बांधणार? सून आणि मी वर्षातून एकदा एकमत होतो, ते ह्या वर्षी झालं. राजा पार्कच्या एका बँडवाल्याला वरातीसाठी घोडी हवीच आहे.

विकण्याआधी एकदा बघून यावं म्हणून मी गेले. बस, मग ऑटो, मग धुळीतून चालत. बरोबर ह्यांची लोकरीची कानटोपी घेतली. हे म्हणायचे, घोडं माणूस विसरत नाही. आवाज ऐकला की ते माणसाचं तोंड मनात आधीच आणतं, आणि आवाज एकाचा नि तोंड भलत्याचं निघालं तर बावचळतं. शिवाय तिथली बाकी जनावरं हिंदी ऐकणारी, ही एकटी ह्यांनी मराठीवर वाढवलेली. शेखावतजी ते हसून सांगतात. म्हटलं, मराठी बोलणारं दुसरं कोण येणार हिच्याकडे. मला ओळखेल.

ओळखलं कसलं. मी दारातून "अगं ए" म्हटलं तशी तिनं अंग चोरलं. ह्या मारवाडी घोड्यांचे कान वर टोकाला एकमेकांना टेकतात, नमस्कार केल्यासारखे. ते दोन्ही तिनं मागे असे चपटे केले की वाटावं, हिला कान नाहीतच. टोपी पुढे धरली तर दात दाखवले.

त्याचं मला काही नाही. दात दाखवणारी मी पुष्कळ पाहिली. पण वन्सं, तिच्या आयाळीला वेण्या घातल्या होत्या. बारीक बारीक, प्रत्येकीच्या टोकाला लाल दोरा. ताज्या. हे जाऊन महिना होत आला, आणि आयाळीची वेणी आठवडाभरात विस्कटते. घोड्यांची देखभाल करणाऱ्या साईसाला विचारलं तर "हमने नहीं गूंथी, माताजी" म्हणाला आणि बादली उचलून चालता झाला. ज्याला माहीत नसतं तो थांबून चार गोष्टी विचारतो. ज्याला माहीत असतं तो बादली उचलतो.

सरळ विचारते. तुमचा भाऊ तिथे कुणा बाईकडे जात होता का? मला रडायला आलेलं नाही, येणारही नाही. मला फक्त कळायला हवं.

हौसा


म्हसवड
२५ नोव्हेंबर २०२४

हौसावहिनी,

पत्र वाचून लगेच उत्तर लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर रागानं लिहिलं असतं. दादाबद्दल असला विचार तुमच्या मनात यावा? उभा जन्म ज्या माणसानं तुमच्यापुढे मान वर केली नाही, तो ह्या वयात बाई ठेवेल? फार्मवर सवारी शिकायला मुलं येतात म्हणे. त्यांतल्याच कुणीतरी हौसेनं घातल्या असतील वेण्या.

घोडीनं कान पाडले ते मनाला लावून घेऊ नका. तुम्ही दारातून तिच्या उजव्या अंगानं गेला असाल. तिच्या उजव्या डोळ्यावर सारा आहे, दिसत नाही. त्या बाजूनं माणूस एकदम पुढे आलं की ती भिते. तिच्याकडे डावीकडून जायचं, आणि आधीपासून बोलत बोलत जायचं, म्हणजे कोण येतंय ते तिला कळतं.

पण आता तुम्ही परत जाऊच नका. तुमचे गुडघे असे, तिथे धूळ तशी. विकायचीही घाई नको. शेखावतजी भले गृहस्थ आहेत, थोडे दिवस तेच सांभाळतील. वर्ष तरी सरू द्या.

आणि एक विचारते, रागावू नका. वीणाला कळवलंत का? ते नाव तुमच्या घरात काढायचं नाही, हे मला ठाऊक आहे. पोरगी नालबंदाच्या मुलाबरोबर गेली, तुम्ही तिला मेली म्हणालात, त्याला अकरा वर्षं झाली. पण तिचाही बापच गेला ना.

गुडघ्यांना तीळतेल कोमट करून लावत जा.

तुमची
सुधा


वैशाली नगर, जयपूर
११ डिसेंबर २०२४

वन्सं,

तीळतेलाबद्दल आभार.

तुम्ही खोटं बोलायला बसलात की मदत करायला जाता, आणि तिथेच सापडता. घोडीचा उजवा डोळा अधू आहे हे तुम्हाला म्हसवडात बसून ठाऊक. मी त्या माणसाच्या शेजारच्या खाटेवर झोपत होते, मला ठाऊक नाही. मला तो म्हणायचा, घोडी बरी आहे. मीही पुढे विचारलं नाही, ही गोष्ट वेगळी. तेव्हाच ठरवलं, की तुम्ही जाऊ नका म्हणता म्हणजे जायलाच हवं.

शाळा सुटायच्या सुमाराला पोचले. तुम्ही सांगितलंत तशी डावीकडून गेले, बोलत बोलत. काय बोलायचं ते सुचेना, म्हणून भाजीचे भाव सांगितले. घोडीनं ह्या खेपेला कान पाडले नाहीत. पण ओळखही दिली नाही. बसमधल्या माणसानं सीटसाठी बघावं तसं बघितलं आणि गवत खायला लागली.

तेवढ्यात मागून, तबेल्याच्या पार त्या टोकाकडून आवाज आला. "आले गं बाई, आले. दम काढ."

माझ्या अंगावर काटा आला, हे तुम्हाला सांगायला मला आवडत नाही. शब्द ह्यांचे. हेल ह्यांचा. ह्यांची ती बोलायची ढब, शेवटचा शब्द ओढायची, म्हसवडच्या बाजारात बैलाशी बोलल्यासारखी. आवाज तेवढा बारीक. माणूस अजून दिसलंही नव्हतं, आणि घोडीनं गवत तोंडातून टाकून दिलं. मान वर, कान पुढे, नाकपुड्या थरथरायला लागल्या, आणि घशातल्या घशात हुं हुं करायला लागली. खिंकाळली नाही. खिंकाळतात ती परक्यांसाठी. हे हळूच होतं, घरातल्यासारखं.

आली ती एक पोरगी. आठ-नऊ वर्षांची, शाळेचा मरून स्वेटर, पाठीवर दप्तर तसंच. माझ्याकडे लक्ष नाही. घोडीच्या खांद्याला हात लावून म्हणाली, "पाय दे. शाणी माझी. दाव बघू." घोडीनं पाय दिला. पोरीनं खुरातली माती काडीनं काढली. मराठी अशी, की अभिजितला नाही येत.

मी विचारलं, "कुणाची गं तू?"

ती म्हणाली, "जी?"

"आत्ता बोलत होतीस ना मराठीत?"

"मुझे मराठी नहीं आती."

मग मी माझ्या तोडक्यामोडक्या हिंदीत विचारलं, "तो अभी घोड़ी से क्या बोल रही थी?"

"वो तो घोड़ी की बोली है," ती म्हणाली, मला एवढंही कळत नाही अशा सुरात. "नाना ने सिखाई. इसको और कोई बोली समझ में नहीं आती."

वन्सं, इथे आईच्या बापाला नाना म्हणतात. इतकी वर्षं इथे काढून मला तेवढं कळतं. तरी मी तिच्या तोंडाकडे बघितलं. डाव्या भुवईत केसांचा भोवरा. तुम्हाला आहे, ह्यांना होता. घोडा कुठला ते भोवऱ्यावरून सांगता येतं, असं हेच म्हणायचे. मी तिला भोवऱ्यावरून ओळखलं. तिनं मला ओळखावं असं माझ्याकडे काही नव्हतं.

तिनं विचारलं, "आप कौन?"

मी म्हटलं, "मैं घोड़ी देखने आई हूँ. बिकने वाली है."

पोरगी रडली नाही. तिनं आयाळीची एक वेणी मुठीत धरली आणि माझ्याकडे बघत राहिली. घोडीनंही माझ्याकडे बघितलं, त्या चांगल्या डोळ्यानं. दोघींनी मला नीट पाहून ठेवलं.

नाव विचारलं तर ईश्वरी म्हणाली. हे तुम्हाला माहीतच असणार.

बाई असती तर परवडली असती, वन्सं. बाईचं मी बघून घेतलं असतं. मी एका पोरीला मेली म्हटलं तेव्हा हा माणूस समोर बसून भाकरी मोडत होता. माझ्या देखत मान हलवली त्यानं. आणि मग रोज बसनं जाऊन तिच्या पोरीला घोडीशी बोलायला शिकवत होता. अकरा वर्षं तो दोन घरांत जेवला, आणि मला कपड्यांना घोड्याचाच वास यायचा.

इथे संक्रांतीपर्यंतच्या मलमासात लग्नं होत नाहीत. संक्रांत झाली की बँडवाला घोडी बघायला येणार आहे. मी अभिजितला हो सांगितलंय. ज्या जनावराच्या पाठीमागे लपून हे सगळं चाललं, ते जनावर मला नको.

तुम्ही काय लपवलंत ते तुम्ही लिहा. मी वाट बघणार नाही, पण लिहा.

हौसा


म्हसवड
२४ डिसेंबर २०२४

वहिनी,

लिहिते. सगळं लिहिते.

चार वर्षांपूर्वी मी तुमच्याकडे आले होते, तेव्हा दादा मला घोडी दाखवायला म्हणून कानोत्याला घेऊन गेला. तुम्हाला विचारलं होतं त्यानं, येतेस का म्हणून. तुम्ही म्हणालात, शेण बघायला मला कशाला नेता. तिथे वीणा भेटली. ती त्या फार्मच्या मागेच राहते. जावई, गिर्राज, तिथल्या घोड्यांना नाल ठोकतो. माणूस अबोल आहे, पण वीणाला सुखात ठेवतो. मी त्यांच्या घरी जेवले. परत येताना दादा म्हणाला, हौसाला सांगू नकोस. मी म्हटलं, का भितोस? तर म्हणाला, भीत नाही, मला दोन्ही घरं पाहिजेत.

दादाला घोडी नको होती, वहिनी. पलटण सुटली तेव्हाच तो म्हणाला होता, आता पुन्हा खरारा हातात धरणार नाही. पण रोज घराबाहेर पडायला कारण हवं होतं, आणि तुम्ही काही न विचारता मान्य कराल असं कारण एकच होतं. पुष्करच्या मेळ्यात त्यानं मुद्दाम अधू डोळ्याची घेतली. धड घोडी असती तर कुणीही मागितली असती.

पोरीला मराठी का येत नाही तेही ऐका. वीणा म्हणाली होती, आईनं मला ज्या भाषेत मेली म्हटलं ती माझ्या घरात नको. दादानं वाद घातला नाही. तो वाद कधी घालतच नव्हता. त्यानं घोडीला मराठीच कळतं असं पोरीला सांगितलं, आणि घोडीच्या नावाखाली जेवढी शिकवता आली तेवढी शिकवली.

वीणा स्मशानात आली होती, तिनंच मला कळवलं. फाटकाबाहेर उभी राहिली. अभिजितनं तिला पाहिलं आणि तो गप्प बसला. म्हणजे त्यालाही ठाऊक आहे.

आम्ही तुमच्यापासून लपवलं, ते बरोबर केलं असं मी म्हणणार नाही. पण घोडीनं ओळखलं नाही म्हणून तुम्ही पहिल्या पत्रात जे दात विचकलेत, त्यावर एक बोलते. तिला ओळख कशी लागणार? जे आले त्यांना ती ओळखते. तुम्ही गेला नाहीत.

घोडी विकू नका. पोरीचं दुसरं काही नाही दादाच्या नावाचं.

सुधा


वैशाली नगर, जयपूर
१९ जानेवारी २०२५

वन्सं,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदाही तोच आला. तिसऱ्यांदा मी अभिजितला जेवताना विचारलं, "स्मशानात फाटकाबाहेर तुला कोण दिसलं होतं?" त्यानं वरण वाढून घेतलं. प्रणिता म्हणाली, "आई, मतलब, आत्ता कशाला?" म्हणजे तिलाही ठाऊक. ह्या घरात आता फक्त फ्रीजला विचारायचं राहिलंय.

काल बँडवाला येणार होता. मी त्याला नको म्हणून कळवलं नाही. तुम्ही विकू नका म्हणालात म्हणून थांबण्यातली मी नाही. मी स्वतः गेले कानोत्याला, म्हटलं विकायची तर समोर उभं राहून विकीन.

संक्रांतीच्या पतंगांचे मांजे अजून झाडांवर लोंबत होते. बँडवाल्यानं बरोबर ताशा आणला होता. वरातीची घोडी घेताना तिच्या कानाशी वाजवून बघतात, बुजली तर घेत नाहीत. मला तेवढं ठाऊक होतं. पण वाजवताना कुठे उभं राहायचं ते ठाऊक नव्हतं. तुमचं ते डावीकडचं विसरून मी उजवीकडे उभी होते, भिंत आणि घोडी ह्यांच्या मधे.

त्यानं काडी मारली तशी ती अख्खी माझ्या अंगावर फिरली. तिला मी दिसतच नव्हते. तिच्या लेखी तिथे भिंतच होती. माझी पाठ भिंतीला लागली, पायातली चप्पल गेली, आणि दोरी मधोमध ताणली गेली. बँडवाला लांब सरला. साईस ओरडायला लागला, त्यानं ती आणखी बिथरली.

पोरगी डावीकडून आली. पळत नाही, चालत. लांबूनच बोलत होती. "उगी. उगी ऱ्हा. कोण मारत न्हाई." परत तेच. परत तेच. घोडीचा एक कान तिकडे वळला, मग दुसरा. तिनं घोडीचं डोकं दोन्ही हातांनी खाली घेतलं आणि तिच्या नाकात फुंकर घातली. जनावर एवढं मोठं, हिंव भरल्यासारखं कापत होतं, ते उभं राहिलं.

बँडवाला म्हणाला, "यह बारात में नहीं चलेगी," आणि ताशा काखेत मारून गेला. बरं झालं. त्याचं तोंडही मला आवडलं नव्हतं.

मग पोरीचं माझ्याकडे लक्ष गेलं. मी कापत होते, वन्सं. थंडीनं म्हणा. पदर खांद्यावरून खाली आला होता आणि तो उचलायला हात वर जाईना. तिनं मला ओळखलं, मागच्या खेपेची, घोडी विकणारी. भुवई आवळली, भोवऱ्याचे केस उभे राहिले. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल. मी आधीच ओठ मिटून घेतले होते.

ती डावीकडून आली. हात माझ्या खांद्यावर ठेवला, घोडीला ठेवते तसाच, तळवा पूर्ण टेकवून. आणि म्हणाली, "उगी गं बाई. थांब. कोण मारत न्हाई."

तिला वाटलं असेल, ही म्हातारीही तीच बोली बोलते, हिलाही तीच कळत असेल.

माझ्याशी मराठीत असं गेल्या कित्येक वर्षांत कुणी बोललं नव्हतं. ह्यांनी हे शब्द कुठून आणले ते मी तुम्हाला विचारणार नाही. माझ्यासाठी कधी वापरले नाहीत, एवढं मला माहीत आहे. आमच्यात भांडण झालं की हे उठून बाहेर जायचे. घोडी बिथरली की तिच्याजवळ थांबायचे. मी घोडी नव्हते, हाच माझा गुन्हा.

मी उभी राहिले. दुसरं काय करणार?

वीणा नळापाशी होती. पिठाचे हात तसेच. केस पिकायला लागलेत तिचे, कानांवरून. "ईश्वरी, इधर आ," म्हणाली. माझ्याशी बोलली नाही. मीही बोलले नाही. पोरीनं माझी चप्पल शोधून आणली, पायापुढे ठेवली आणि गेली. घरी बापानं विचारलं असणार, कौन थी. पोरगी काय सांगणार? घोड़ी देखने वाली.

तुम्ही मनात काही घोळवू नका. मी माफी मागितलेली नाही आणि मागणार नाही. वीणानं जे केलं ते केलं. मला वाईट वाटतंय ते वेगळ्याचं. तुम्ही सगळे जाऊन जेवून आलात, पोरीचे लाड केलेत, घोडीला गूळ घातलात. आणि घराण्याच्या नावाचा तो राग सांभाळायला मला एकटीला बसवून ठेवलंत, राखणीच्या कुत्र्यासारखं. मीही मूर्ख. कुणी आत नाही त्या दाराशी अकरा वर्षं भुंकत बसले.

शेखावतजींना सांगितलंय, घोडी विकायची नाही. ती पोरीची आहे, असं मी म्हटलेलं नाही. विकायची नाही, एवढंच म्हटलंय. अर्थ ज्याचा त्यानं काढावा.

येत्या रविवारी मी परत जाणार आहे. गुडघे माझे आहेत, त्यांचं मी बघीन. घोडीला नवं माणूस ओळखू यायला किती दिवस लागतात, हे ह्यांनी तुम्हाला कधी सांगितलं असेल तर कळवा. मी घोडीचंच विचारतेय.

आणि पाकीट नको. पोस्टकार्डावर लिहा. पोस्टमन वाचेल, प्रणिता वाचेल, अभिजित वाचेल. वाचू दे. इतके दिवस ह्या घरात वाचायचं राहिलं होतं ते माझंच एकटीचं.

हौसा